स्कोपी नॉर्मल, घास मात्र अडकलेलाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘घास अडकतोय? अ‍ॅसिडिटी असेल!’ हा लेख वाचला. अ‍ॅकलेशिया या अन्ननलिकेच्या आजाराची बोळवण त्यात एका ओळीत झाली आहे, ‘क्वचित आढळणारा आजार’ म्हणून. तेही एक वेळ चालले असते. पण लगेच पुढे सल्ला आहे, ‘एन्डोस्कोपी नॉर्मल आली की निर्धास्त व्हावे.’ आजार क्वचितच आढळतो, वर्षाला लाखामागे साधारण एक नवा रुग्ण. पण या ‘निर्धास्त व्हावे’पायी तो एक जण वर्षानुवर्षे उपाशीपोटी पँटोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी गिळत राहतो, अर्थात गिळता आले तर.

अ‍ॅकलेशियात बिघाड असतो तो अन्ननलिकेच्या हालचालीत. तिच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींचे जाळे असते. त्यातल्या, तळाच्या झडपेला ‘सैल हो’ असे सांगणाऱ्या पेशी मरतात. मग घास आला तरी झडप मिटलेलीच राहते आणि वरून घास ढकलणारी लाटही नाहीशी होते. एन्डोस्कोपीच्या दुर्बिणीला दिसते ते आतले अस्तर, आणि सुरुवातीच्या काळात ते अगदी ठीक असते. झडपेपाशी स्कोप जरासा रेटला की जठरात उतरतो. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले जाते आणि मग कोणीतरी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणते.

स्कोपी करायचीच नाही, असे नाही. साठीच्या पुढच्या माणसाला काही महिन्यांतच त्रास सुरू होऊन वजन झपाट्याने उतरले असेल, तर जठराच्या तोंडाशी असलेला कर्करोग हुबेहूब अ‍ॅकलेशियाचे सोंग घेतो. तो नाही ना, हे आधी पाहायलाच हवे. पण त्या तपासणीची तयारी लेखात दिली आहे तशी, ‘आदल्या रात्रीपासून उपाशी’ एवढ्यावर भागत नाही. दोन दिवसांपूर्वीचा भात नलिकेत तसाच पडलेला असतो. गुंगीत तो वर येऊन फुफ्फुसात गेला तर न्यूमोनियाला आमंत्रण. एक-दोन दिवस फक्त पातळ पदार्थ आणि मग उपास, हे रुग्णाला आधी सांगावे लागते.

खरे तर निम्मे निदान विचारपूस करतानाच होते. भाकरी अडकते की पाणीसुद्धा? कर्करोगात आधी घट्ट अडकते, पातळ नंतर. अ‍ॅकलेशियात बहुधा दोन्ही पहिल्यापासून. उलटून येते ते आंबट-कडू असते की जेवलेले जसेच्या तसे? रात्री खोकल्याने जाग येते का, उशी ओली होते का? या खोकल्यावर दम्याचे पंप दिले गेल्याच्याही फायली असतात. शिवाय साचलेले अन्न नलिकेतच आंबते, त्यामुळे छातीत जळजळते आणि अ‍ॅसिडिटीचा शिक्का आणखी पक्का होतो.

निर्णय देते ती मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी. लेखात तिचे नावही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सेंटीमीटर-सेंटीमीटरवर दाबाचे सेन्सर असलेली, साधारण ३६ सेन्सरची बारीक नळी नाकातून जठरापर्यंत सोडतात. रुग्णाला उताणे झोपवून ५-५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट देतात. घोट गिळताना झडप किती सैलावली याचा आकडा निघतो. नेहमीच्या यंत्रावर तो पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या वर राहिला आणि घास खाली ढकलणारी लाटही नसली, तर अ‍ॅकलेशिया. नळी झडपेच्या पुढे गेली नाही, वरच गुंडाळली, तर आकडे फसवतात, म्हणून ती जागेवर आहे याची आधी खात्री करायची. भूल नाही, चिरा नाही. घसा दुखतो, डोळ्यांतून पाणी येते, इतकेच.

बेरियम पाजून काढायच्या एक्स-रेचे तसेच. उभे करून बेरियम पाजायचे आणि १, २ व ५ मिनिटांनी फिल्म घेऊन आत किती उंचीचा स्तंभ उरला हे मोजायचे. आपल्याकडे एक फिल्म काढतात आणि नलिकेचे टोक या आजारातल्यासारखे ‘पक्ष्याच्या चोचीसारखे’ दिसले नाही की नॉर्मल लिहून मोकळे होतात.

आता लेखातली ती चौकट, ‘ना चिरा, ना टाका : पोएमची जादू’. पोएम म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू कापणे. चिरा असतो, फक्त तो आतून असतो. अस्तराला छेद देऊन त्याखाली बोगदा करायचा, झडपेचा स्नायू जठरात दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत कापायचा आणि तोंड क्लिपांनी बंद करायचे. जपानच्या इनोउए यांनी २००८ मध्ये हे माणसावर प्रथम केले आणि हैदराबादेत आज ते मोठ्या संख्येने होते. पद्धत उत्तमच आहे, विशेषतः अ‍ॅकलेशियाच्या तीन प्रकारांपैकी तिसऱ्यात, जिथे नलिका वरपर्यंत आवळते आणि काप लांब घ्यावा लागतो. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ती हेलर शस्त्रक्रियेच्या, म्हणजे पोटाला छिद्रे पाडून दुर्बिणीतून हाच स्नायू बाहेरून कापण्याच्या, बरोबरीची ठरली, सरस नव्हे. दोन वर्षांनी आम्लाने नलिकेला झालेली इजा मात्र पोएमनंतर ४४ टक्के रुग्णांत दिसली, हेलरनंतर २९ टक्के. म्हणजे ज्या गोळ्या आधी उगाच खाल्ल्या, त्या आता खरोखरच लागू शकतात. जादूच्या चौकटीत हे मावले नसावे. झडप ताणून उघडणारा, ३० मिलिमीटरपासून चढत जाणारा फुगाही मावला नाही. दुसऱ्या प्रकारात तोही चांगला चालतो.

आणि यांतला एकही उपाय मेलेल्या पेशी परत आणत नाही. १६७४ मध्ये थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज लावून घास खाली ढकलण्याचा उपाय नोंदवला. आजही आपण झडपच उघडतो आहोत, अवजारे तेवढी सुधारली. पेशी का मरतात, यावर संशोधनाला पैसा कोण देणार, असा प्रश्न लेखाने विचारला असता तर हे पत्र लिहिलेच नसते.

ता. क. लेखासोबतच्या चित्रात ‘अन्ननलिका’ असा बाण श्वासनलिकेवर रोखला आहे. त्याच पानावर तळाशी ‘घशातील अडथळा सात दिवसांत दूर’ करणाऱ्या चूर्णाची पाव पान जाहिरात आहे. जाहिरातीतले चित्र मात्र बरोबर आहे.

आपला,
एक वाचक, पुणे