आई-बाबांना पत्र: शनिवारच्या एकत्र प्रार्थनेविषयी

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

ठरलेली गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे ती तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. मंडळी फुटून झालेल्या दोन्ही मंडळ्यांची, आपली आणि आत्या जाते तिची, येत्या शनिवारपासून मिळून प्रार्थना सुरू होते आहे आणि मी तिला जाणार आहे. आत्या तिकडे आहे म्हणून नाही, आणि पाळकसाहेबांच्या विरोधात म्हणून तर मुळीच नाही. आपली मंडळी मी सोडलेली नाही. रविवारी नेहमीच्याच बाकावर असेन. आई, तुझ्या उजव्या बाजूला बसेन, त्या कानाने तुला नीट ऐकू येतं.

बाबा, तुमचं म्हणणं मला माहीत आहे. हे आत्मिक युद्ध आहे, आणि युद्धात समोरच्या गोटात जाऊन बसायचं नसतं. युद्ध आहे हे मलाही पूर्ण मान्य आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलात. 'उरस्त्राण' म्हणताना माझी जीभ अडखळायची, तेव्हा तुम्ही माझा हात माझ्याच छातीवर ठेवायचात. पण त्याच अध्यायात, शस्त्रसामग्रीची यादी यायच्या आधी, बारावं वचन आहे: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. आत्या रक्तमांस आहे, बाबा. तिकडचे वडीलही. ते गोट नव्हेत.

प्रेषित पौलाने हे पत्र कोणत्या क्रमाने लिहिलं ते पुन्हा पाहा. दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, यांच्यामधली आडभिंत पाडली. तिसऱ्याच्या दहाव्या वचनात, आकाशातल्या सत्तांना आणि अधिकाऱ्यांना देवाचं ज्ञान मंडळीच्या द्वारे कळावं असं म्हटलं आहे. म्हणजे ज्या सत्तांशी सहाव्या अध्यायात लढायचं, त्यांना आपण तिसऱ्यातच काहीतरी दाखवत असतो. काय दाखवतो? एकमेकांचे वैरी असलेले लोक एका शरीरात आले, हे. आपण फुटलो की त्यांना दाखवायला उरतं काय? सैतान आत कुठून शिरतो हे चौथ्या अध्यायात आहे: सूर्य मावळला तरी न सोडलेल्या रागातून. आपला राग किती सूर्यास्त टिकला ते मी लिहीत नाही, तुम्हाला दुखवायचं नाही.

क्षमेचंही तसंच. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ज्या माणसाला मंडळीने शिक्षा केली त्याला आता क्षमा करा, धीर द्या, असं पौल सांगतो. का, तर सैतानाने आपल्याला ठकवू नये म्हणून. त्याचे बेत आपल्याला ठाऊक आहेत. शिस्त लावणं चूक नव्हतं. ती संपवायची वेळ ओळखली नाही, तर तीच त्याच्या हातातलं हत्यार होते.

मार्काचा नववा अध्याय मला यात सर्वांत जवळचा वाटतो. शिष्यांना एका मुलातला दुरात्मा काढता आला नाही. थोड्या वेळाने वाटेत 'आपल्यात मोठा कोण' यावर त्यांची वादावादी. आणि त्यानंतर योहान अभिमानाने सांगतो, की एक जण तुमच्या नावाने भुतं काढत होता, तो आपल्याबरोबरचा नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं. स्वतःला जमलं नव्हतं ते ज्याला जमत होतं, त्यालाच थांबवायला निघाले होते! प्रभू म्हणाला, त्याला मना करू नका.

आता तो अन्य भाषांचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत बोलण्याचा, वाद. करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय दोन्ही बाजू अर्धाअर्धा वाचतात. बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकेकाने, आणि अर्थ सांगणारा असेल तरच. नसेल तर सभेत गप्प राहावं. हे आपल्या बाजूला आवडतं. एकोणचाळिसावं वचन मात्र सांगतं, अन्य भाषांना मनाई करू नका. ते आपण सोडून देतो. तिकडे नेमकं उलट होतं. दोन्ही वचनं एकत्र पाळली असती, तर मंडळी फुटायचं कारणच उरलं नसतं असं माझं मत आहे. ख्रिस्त कोण आहे आणि तारण कशाने होतं, यावर मतभेद असता तर मी गेले नसते. तो नाही.

शनिवारी काय होणार तेही सांगते, म्हणजे तुमची काळजी कमी होईल. सभा एक तासाची. पहिली दहा मिनिटं फक्त वाचन, स्तोत्र 51 आणि 133. मग पंधरा मिनिटं प्रत्येकाने शांतपणे आपल्याच बाजूचं पाप कबूल करायचं, समोरच्यांचं नाही. त्यानंतर वीस मिनिटं जोड्या, एक इकडचा आणि एक तिकडचा, एकमेकांच्या घरातल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना. उरलेल्या वेळात एखादं गीत आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. माईक कोणालाही द्यायचा नाही, कारण अशा सभा तिथेच बिघडतात: कोणीतरी प्रार्थनेच्या नावाखाली भाषण करतो, 'प्रभू, फूट पाडणाऱ्यांना बांध' म्हणतो, आणि ते कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळतं.

हेर्नहूटची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या त्या वसाहतीत वेगवेगळ्या पंथांतून आलेले निर्वासित आपसात भांडत होते. ती जमीन ज्यांची होती ते काउंट झिन्झेनडॉर्फ घरोघर गेले, माणसांशी बोलले. 12 मे 1727 ला सगळ्यांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या केल्या. 13 ऑगस्टच्या प्रभुभोजनात मनं खऱ्या अर्थाने जुळली. 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी तासतास वाटून घेतलेली अखंड प्रार्थना त्यानंतर, 27 ऑगस्टला सुरू झाली आणि शंभर वर्षांहून अधिक चालली. आधी समेट, मग प्रार्थनेचा पहारा.

आई, तुझ्यासाठी एक काम आहे. बायकांच्या गटात 'प्रार्थनेचा विषय' म्हणून कोणी तिसऱ्याचं नाव घेतलं, की एवढंच विचार: तुम्ही तिच्याशी बोललात का? मत्तय 18 मध्ये आधी एकट्याने जायचं, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. फिलिप्पैच्या मंडळीत यूवदीया आणि सुंतुखे यांचं पटेना, तेव्हा पौलाने चूक कोणाची ते लिहिलंच नाही. एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगितलं. तू आत्यासाठी ते करू शकतेस. बाबांचा शब्द तिला लागतो, तुझा लागत नाही.

आणि बाबा, आता रागवू नका. तीन दिवसांचा उपवास आजच सोडा. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी रात्रभर जागरण करायचं नाही. हात थरथरणं, घाम सुटणं, छाती धडधडणं, डोकं गरगरणं हा दुष्टाचा हल्ला नव्हे, रक्तातली साखर उतरल्याची खूण आहे, आणि अशा वेळी भोवती उभं राहून मोठ्याने प्रार्थना करणारे मोलाची मिनिटं घालवतात. लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. तरीही 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे आई, तुझ्यासाठी लिहिते आहे. पुढे कधी उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी बंद करू नका. नाहीतर जेवण घ्या आणि दिवसभर टीव्ही आणि फोन बंद ठेवा. प्रभू तेही स्वीकारतो.

शनिवारी मी नसले तरी संध्याकाळची औषधं धाकटा देईल, त्याच्याशी बोलून झालं आहे. मोठ्या अक्षरांचं शास्त्र पलंगाजवळच्या कपाटात वरच्या खणात आहे, चष्मा त्याच्यावरच. रात्री दाराची कडी लावताना बाबांनी वाकू नये, आई, तूच लाव.

तुम्ही शनिवारी यायचं म्हणालात तर मला आकाश ठेंगणं होईल, पण आग्रह नाही. नुसतं घरी बसून आत्याच्या गुडघ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केलीत तरी चालेल. नाव मात्र घ्या, बाबा.

तुमची,
ताई