तुझे पैसे माझ्या खात्यात नकोत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घटस्फोटाचं बोलता बोलता परवा रात्री तू विचारलंस, "आई, थोडे पैसे काही महिने तुझ्या खात्यात ठेवू का?" मी लगेच तुझ्या खोकल्याची चौकशी सुरू केली. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं आणि उत्तरही तयार होतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. उत्तर 'नाही' असं आहे.

रागावण्याआधी पुढचं वाच. मी बँकेच्या कर्जविभागात २८ वर्षं काढली. मोडलेले संसार कोर्टात जातात, आणि त्यांची उरलीसुरली कागदपत्रं आमच्या टेबलावर यायची. तिथे जे पाहिलं ते तुला घरात कधी सांगितलं नाही, कारण असं काही तुला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आधी लपवण्याबद्दल. तू हे पाप म्हणून करत नाहीयेस, भीतीने करतोयस, हे मला कळतं. तरीही साधं व्यवहाराचं बोलू. खात्यातून गेलेला पैसा आपली तारीख मागे ठेवून जातो. तुझ्या बायकोच्या वकिलाने मागच्या तीन वर्षांची स्टेटमेंट मागितली, की घटस्फोटाच्या अर्जाच्या दोन महिने आधी आईच्या नावावर गेलेली मोठी रक्कम सगळ्यांत आधी दिसेल. मग बाकीचे तुझे खरे आकडेसुद्धा कोणी खरे धरणार नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे, की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची. म्हणजे खोटं बोलायचं तर शपथेवर बोलायचं.

एक किस्सा सांगते. डिसेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बाईला लॉटरीत सुमारे १३ लाख डॉलरचा वाटा मिळाला. तिने नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही आणि थोड्याच दिवसांत घटस्फोटाचा अर्ज टाकला. काही वर्षांनी नवऱ्याच्या घरी एक पत्र आलं. लॉटरीचे हप्ते एकरकमी विकत घेणाऱ्या एका कंपनीचं, तिच्या नावाचं. सगळं बिंग फुटलं. तिने वेळेवर सांगितलं असतं तर बहुधा निम्मे तिच्याकडे राहिले असते. कोर्टाने तिचा सगळाच वाटा नवऱ्याला देऊन टाकला. आणि वेळ निघून गेली की सुटलो, असंही नसतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दोन बायकांचे मिटलेले समझोते पुन्हा उघडायला परवानगी दिली, कारण नवऱ्यांनी खरी माहिती दिली नव्हती. त्यातला एक समझोता दहा वर्षांहून जुना होता. दहा वर्षं दाराची बेल वाजली की छातीत धस्स होत राहणार, एवढी काय ती तुझी बचत?

आता तू ज्याकडे बघतही नाहीयेस, त्या कर्जाकडे येते.

घराच्या कर्जावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत. तू म्हणालास, "घर मी घेतो, हप्ते मी भरतो, तिचा संबंध संपला." असं ऐकूनच एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या होत्या. हातात कोर्टाचा हुकूमनामा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. हप्ते नवऱ्याने भरायचे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. नवऱ्याने दीड वर्ष भरले आणि थांबवले. बाई मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेल्या तर नकार, कारण थकबाकीदार म्हणून त्यांचंही नाव लागलेलं. त्या पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवत होत्या. मला सांगावं लागलं, की हा हुकूम तुम्हा नवरा-बायकोतला आहे, बँक त्यात कुठेच नव्हती. सहकर्जदार म्हणजे निम्म्या कर्जाचा धनी नव्हे, पूर्ण कर्जाचा. एक थांबला की बँक दुसऱ्याकडे पूर्ण रक्कम मागते. त्या उठून गेल्या तेव्हा पिशवी टेबलावरच राहिली होती. मी जिन्यापर्यंत धावत जाऊन दिली. अजून आठवते.

म्हणून तिचं नाव त्या कर्जातून खरोखर निघालं पाहिजे. घर विकून कर्ज फेडा, नाहीतर तू एकट्याच्या नावावर नवीन कर्ज काढून जुनं बंद कर. तुझ्या एकट्याच्या पगारावर बँक तेवढं देईल का, हे समझोत्यावर सही करण्याआधी विचार. नंतर विचारणारे फार पाहिले. तिच्या भावाच्या गाडीला तू जामीन राहिला होतास ना? तेही काढून घ्यायला लाग. जामीनदाराचं नातं तुटलं म्हणून बँक जामीन सोडत नाही.

विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे नॉमिनीचे फॉर्मही काढून बघ. लोक लग्न मोडतात, दुसरं करतात, आणि वारशाच्या वेळी पहिल्याच बायकोचं नाव कागदावर निघतं. नाव बदलायचं की लेकीसाठी काही वेगळी सोय करायची, ते ठरव. पण ठरव.

तू म्हणालास, "ती मला लुटायला बसली आहे." हे वाक्य मला बोचलं. ती काय मागते आहे ते मी तुझ्याच तोंडून ऐकलं, आणि मग कागदावर एक गणित केलं. कुटुंबाची गरज मोजायला युरोपची आकडेवारी ठेवणारी युरोस्टॅट ही संस्था एक माप वापरते. पहिल्या मोठ्या माणसाला १, दुसऱ्याला ०.५, चौदा वर्षांखालच्या मुलाला ०.३. तुम्ही तिघं एकत्र होतात तेव्हा गरज १.८. वेगळे झालात की तुझी १, तिची आणि लेकीची मिळून १.३, एकूण २.३. म्हणजे मिळकत तीच आणि खर्च २८ टक्के जास्त. दोन स्वयंपाकघरं, दोन भाडी, दोन गॅस, दोन इंटरनेट. दोघांचंही राहणीमान खाली येणार आहे. तुला तुझी ओढाताण दिसते, तिला तिची, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने खिसा कापला.

तिच्या नोकरीचं बोलू. तू म्हणतोस, तिने स्वतःहून सोडली. बाळा, मी त्याच घरात होते. लेकीला दर पंधरा दिवसांनी ताप यायचा, तुझ्या कामाच्या फेऱ्या चालू होत्या, आणि एक दिवस तिने राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. तू म्हणालास, "बरं झालं." मीही काही बोलले नाही, त्याचं मला आता वाईट वाटतं. ती पाच वर्षं फक्त पाच वर्षांच्या पगाराएवढी नाहीत. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसा दुप्पट व्हायची वर्षं निघतात, हे तुला मी शाळेत असताना शिकवलं होतं. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. तेहतिसाव्या वर्षी तिने निवृत्तीसाठी जे बाजूला टाकलं नाही, ते साठाव्या वर्षापर्यंत तीनदा दुप्पट झालं असतं. एकाचे आठ. त्याच काळात तुला दोन बढत्या मिळाल्या, कारण रात्री दोन वाजता तापाची पट्टी तू ठेवत नव्हतास. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० साली एका निकालात म्हटलं, की कमावणाऱ्याच्या बाजूने आणि घर सांभाळणाऱ्याच्या विरुद्ध झुकतं माप द्यायचं नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, आपल्याकडे अशी सरळ निम्मी वाटणी नाही, ते तुझा वकील सांगेलच. मी तुला कायद्याचं नाही, माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगते आहे.

महिन्याला द्यायचे की एकदम, यावर तुमचं अडलं आहे म्हणालास. एकरकमी दिलं की विषय संपतो, तिला तुझ्या नोकरीची काळजी राहत नाही, तुला तिच्या फोनची. पण तेवढी रोकड तुझ्याकडे नाही, आणि उसनवारी करून देऊ नकोस. दरमहा द्यायचं ठरलं तर आकडा गोठवू नका. महागाई ६ टक्के धरली तरी बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. लेक आज आठची आहे. ती विशीची होईल तेव्हा आज लिहिलेली रक्कम निम्म्या किमतीची झालेली असेल, आणि नेमका कॉलेजचा खर्च तेव्हाच यायचा. दर वर्षी किती वाढ, ते करारातच लिहून टाका. दुसरं, लिहिताना हात अडखळतो पण लिहिते. तुला काही झालं तर हे पैसे थांबतील. तेवढ्या वर्षांचा साधा मुदत विमा काढ आणि तो लेकीच्या कामी येईल असा बांध. हप्ता फार नसतो.

घर तुला, बाकी गुंतवणूक तिला, अशी वाटणी करताना आकडे सारखे दिसले म्हणून फसू नका. घर विकल्याशिवाय खाता येत नाही, वर दुरुस्ती आणि कर मागतं. निवृत्तीचा पैसा आज हाती येत नाही, मोडला तर कर किंवा दंड लागू शकतो. कर जाऊन, हातात कधी आणि किती येतं, तेवढंच धरा.

लेकीच्या खर्चाची जी यादी तू पाठवलीस ती मी दोनदा वाचली. शाळेची फी, बस, क्लास. पुरुषाची यादी आहे, माफ कर. चष्मा बदलणं नाही, दाताची तार नाही, सहल नाही, पाय वाढला म्हणून वर्षात दोनदा घ्यावे लागणारे बूट नाहीत. भांडणं होतात ती फीवरून होत नाहीत, या असल्या न लिहिलेल्या खर्चांवरून होतात. एकदम काहीतरी उद्भवतं, एक फोन करते, दुसरा उचलत नाही, आणि पोरगी दोघांची तोंडं बघत राहते. अशा खर्चात कोणाचा किती हिस्सा आणि किती रकमेच्या वर एकमेकांना विचारायचं, ते आत्ताच ठरवा. आणि तिच्या दप्तरातून पाकीट पाठवायचं नाही. "बाबांना सांग, पैसे आले नाहीत" हा निरोप तिने कधीही आणता कामा नये. थेट खात्यात, ठरलेल्या तारखेला.

सोफा, टीव्ही, ते पुस्तकांचं कपाट यांवरून तुमच्या वकिलांनी एकमेकांना पत्रं लिहिली म्हणे. त्या दोन पत्रांच्या फीमध्ये नवा सोफा आला असता. देऊन टाक.

आता माझ्यापुरतं. तू घर घेतलंस तेव्हा सुरुवातीची रक्कम भरायला मी माझ्या निवृत्तीच्या पैशातून हातभार लावला. तुझ्या वकिलाचं म्हणणं असं, की ते कर्ज होतं असं मी लिहून द्यावं, म्हणजे वाटणीआधी तेवढी रक्कम बाजूला निघेल. मी ते लिहून देणार नाही. मी कधी परत मागितले नाहीत, तू कधी एक हप्ता दिला नाहीस, आणि ज्या दिवशी दिले त्या दिवशी तुम्हा दोघांसमोर म्हणाले होते, "हे तुमच्या दोघांच्या घराला." ती तेव्हा रडली होती. तुझ्या लक्षात नसेल, तिच्या असणार.

तिचे दागिने माझ्या लॉकरमध्ये आहेत. पुढच्या आठवड्यात तिला बरोबर घेऊन मी ते तिच्या ताब्यात देणार आहे, आणि काय काय दिलं त्याची यादी करून दोघींच्या सह्या घेईन. तुला विचारत नाही, कळवते आहे. ती तुझी बायको राहणार नाही, पण माझ्या नातीची आई राहणारच आहे, आणि मला त्या घरी जाता आलं पाहिजे.

तुझ्यावर चिडून हे लिहिलेलं नाही. तू वाईट नवरा होतास की ती वाईट बायको, हे मला ठरवायचं नाही. रविवारी ये. येताना तीन वर्षांची स्टेटमेंट, कर्जाचा करार, विम्याच्या सगळ्या पॉलिस्या आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन ये. मोबाइलवर दाखवू नकोस, कागदावर छापून आण. आपण दोघं जेवणाच्या टेबलावर पसरून बसू. माझा नवा चष्मा परवाच आला आहे.

तुझी,
आई