टेन्सच्या तक्त्याबद्दल, सुमीला

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि लेकीच्या वहीचा फोटोपण बघितला. बारा काळांचा तो तक्ता पाठ करता करता पोरगी रडकुंडीला आलीय, आणि तूही तिच्याबरोबर घोकतेयस कारण तुला ऑफिसात इंग्रजी बोलायचंय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून सविस्तर लिहितेय, दोघींसाठी.

पहिली गोष्ट, तो तक्ता आत्ता बाजूला ठेव. खरंच ठेव. मी इतकी वर्षं मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवतेय, तक्ता धडाधडा म्हणणारी मुलं काल काय केलं ते एका वाक्यात सांगू शकत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं गं, कारण मुळात गोष्ट एवढी अवघड नाहीये. नियमित क्रियापदाची, म्हणजे ज्याला भूतकाळात शेवटी नुसतं ईडी (-ed) लागतं त्याची, रूपं फक्त चार असतात, वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. बास. आता आपलं चालणं घे, चालतो, चालते, चालतेस, चालतात, चाललो, चालली, चाललीस, चालेन, चालशील, चालू... तुझी लेक शाळेत जायच्या आधीपासून हे सगळं न चुकता बोलतेय, तिला चार रूपं जड जाणारेत का?

बारा काळ तयार होतात ते आधी लागणाऱ्या सहाय्यक, म्हणजे मदतीच्या क्रियापदांमुळे. वॉकिंगच्या आधी इज लावलं की चालू वर्तमान, वॉज लावलं की चालू भूत, विल बी लावलं की चालू भविष्य, वॉकिंग जागचं हलत नाही. वॉक्डच्या आधी हॅज, हॅड, विल हॅव लावलं की तिन्ही पूर्ण काळ झाले. म्हणजे तिला बी आणि हॅव यांची रूपं पक्की करून दे, त्यावर वेळ घालव. 'विल हॅव बीन वॉकिंग' हे रोजच्या बोलण्यात क्वचितच लागतं, ते सध्या सोडून दिलं तरी चालेल.

आणि एक गोष्ट तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिही, खूण एकदाच लागते. पोरं हमखास 'आय डिड नॉट वॉक्ड' म्हणतात. डिडमध्ये भूतकाळ आला ना, मग क्रियापद मोकळं, 'डिड नॉट वॉक'. तसंच 'डझ शी वॉक', तिथला एस डझने घेतला. एवढं कळलं की प्रश्न आणि नकार दोन्ही सुटतात.

आता ईडीचा उच्चार, हा माझा सगळ्यात आवडता भाग. आपण सगळ्या पाचवीला एबीसीडी गिरवलेल्या (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आपल्यानंतर), आपल्याला कोणी सांगितलंच नाही की वॉकेड, जंपेड असं म्हणत नाहीत. मी वर्गात पोरांना गळ्यावर बोटं ठेवायला लावते आणि आधी लांब स्स्स म्हणायला सांगते, मग झ्झ्झ. झ ला गळा थरथरतो, स ला नाही. मराठी व्याकरणात अघोष-घोष शिकवतात ते हेच, थरथरला तर घोष, नाही तर अघोष. क्रियापदाच्या शेवटी क, प, च, स, श, फ असा अघोष आवाज आला की ईडीचा ट होतो, वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. घोष व्यंजन किंवा स्वर आला की ड, ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असला तर इड, वॉन्टिड, नीडिड. बोटं गळ्यावर ठेवून पाच-दहा शब्द म्हणून घे, तिचं तिलाच कळेल.

ईडी लावतानाच्या स्पेलिंगचं थोडक्यात सांगते. स्टडीचा वाय जाऊन आय येतो पण प्लेचा जात नाही, कारण त्याच्या आधी स्वर आहे. स्टॉपला दोन पी लागतात. व्हिजिटला टी एकच, कारण जोर पहिल्या भागावर आहे, अ‍ॅडमिटला मात्र दोन. बाकीचं वाचनातून येईल.

तुला एक सांगते, 1958 मध्ये जीन बर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांना रिक, मोट अशी खोटी क्रियापदं देऊन काल काय केलं ते विचारलं. ते शब्द मुलांनी कधी ऐकलेलेच नव्हते तरी बरीच मुलं रिक्ट म्हणाली, म्हणजे मुलं रूपं पाठ करत नाहीत, नियम उचलतात. आणि मोटसारख्या, शेवटी ट-ड असलेल्या शब्दांना ती इंग्रजी बोलणारी पोरंसुद्धा अडखळली. तुझ्या लेकीला हे नक्की सांग. आणि हा नियम अजून वाढतोच आहे, हेल्पचा भूतकाळ जुन्या इंग्रजीत वेगळाच होता, तो आता हेल्प्ड झाला, आणि गूगल हे क्रियापद 2006 साली ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आलं तेही सरळ गूगल्ड होतं.

आता तुझ्या ऑफिससाठी. आपण 'मी 2015 पासून इथे काम करतेय' असं म्हणतो, म्हणून तोंडातून 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स 2015' येतं. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' हवं. आणि 'मी काल फोन केलाय' मराठीत चालतं, पण इंग्रजीत यस्टरडे आला की हॅव नको, सरळ 'आय कॉल्ड हिम यस्टरडे'. मीटिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात, तेवढं सांभाळ.

रोज रात्री जेवताना दोघींनी कुक, वॉश, वॉच, कॉल, हेल्प एवढ्यावरच बोला, आज काय करतो, काल काय केलं, उद्या काय करणार. चुकली तर लगेच टोकू नकोस, तेच वाक्य बरोबर करून तू म्हण. गो, कम, ईट नियमात बसत नाहीत, त्यांना सध्या हात लावू नका, त्यांची यादी मी दिवाळीत येईन तेव्हा घेऊन येते.

तुझी,
मंगी