किडनी कॅन्सरची ‘जगण्याची टेस्ट’ आमच्या लॅबमधे मिळत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर पेशंट किती जगणार ते साध्या रक्ततपासणीतून कळणार, अशी बातमी तुमच्या आरोग्याच्या पानावर आली, ती कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली आणि आता इथं परभणीत आमच्या लॅबवर लोक येऊन "ती जगण्याची टेस्ट करून द्या" म्हणायलेत. मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे, रक्त काढतो, मशीनला लावतो, रिपोर्ट देतो. पण बातमीत जे राहून गेलं ते कुणीतरी सांगायलाच पाहिजे म्हणून लिहायलोय.

मुळात यात नवीन टेस्ट कुठलीच नाही. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांचीच होते ती सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), जोडीला सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रोटीन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), कॅल्शियम, फार तर एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम). बातमीत ज्याचं लई कौतुक होतं तो एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), बस. ७२ ला १८ नं भागलं की ४ आलं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं ते. तरी एका ठिकाणी याचं पॅकेज करून वेगळे पैसे घ्यायलेत, नाव घेत नाही, पण लोकहो, तुमच्या फाईलमधल्या सीबीसीवर हे दोन्ही आकडे आधीच छापलेले असतात.

आता या आकड्यांना अर्थ आहे का, तर आहे. किडनीतली गाठ इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं सोडते, त्यानं लिव्हर सीआरपी जास्त बनवतं अन् अल्ब्युमिन कमी, प्लेटलेट वाढतात, आणि शरीरातलं लोह साठ्यात अडकून पडतं म्हणून हिमोग्लोबिन खाली येतं. गंमत म्हणजे रक्त वाढवणारं हार्मोन किडनीच बनवते, त्यामुळं थोड्या पेशंटमधे उलटं होतं, हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं आणि घरचे खुश होतात की रक्त चांगलंय. जपान, चीन, युरोपातल्या दवाखान्यांनी जुन्या फाईली काढून बघितलं तेव्हा ज्यांचं सीआरपी किंवा एनएलआर ऑपरेशनच्या आधीच चढलेलं होतं त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं, हे खरंय. पण ते शेकडो पेशंटच्या गटाचं गणित आहे. मराठवाड्यात मुसळधार पाऊस म्हणून अंदाज येतो, त्यावरून आपल्या सोयाबीनवर पडणार का नाही हे सांगता येतं का? तसंच आहे हे.

आणि आमच्या भागातलं रक्त वाचताना तर दहादा विचार करावा लागतो. ताप असेल, दाढ सुजली असेल, लघवीत इन्फेक्शन असेल, न्यूट्रोफिल चढणारच. गुडघेदुखीवर कुठून तरी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असतात (विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही), त्यानं न्यूट्रोफिल वर अन् लिम्फोसाइट खाली, एनएलआर एकदम दुप्पट सुद्धा होऊ शकतो आणि कॅन्सरचा त्यात काही संबंध नसतो. ऑपरेशननंतर काही दिवस तर सगळंच चढलेलं असतं, म्हणून अभ्यासात बहुतेक आधीचा रिपोर्ट धरतात. हिमोग्लोबिनचं तर विचारूच नका, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. कापूस वेचून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आलं तर तो दोष गाठीचा का ताटातल्या भाकरीचा, हे मशीन सांगत नाही. कॅल्शियमचं पण तसंच, अल्ब्युमिन कमी असलं की कॅल्शियम दुरुस्त करून वाचावं लागतं, छापलेला आकडा जसाच्या तसा धरला तर वाढलेलं कॅल्शियम सुद्धा नॉर्मल दिसतं.

बातमीतली ती सहा मुद्द्यांची यादी तर भलत्याच पेशंटची आहे साहेब. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट, पेशंटची एकूण ताकद, आणि निदानापासून औषध सुरू होईपर्यंत वर्ष झालं का नाही, ही २००९ ची आयएमडीसीची (पसरलेल्या किडनी कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय डॉक्टरांच्या गटाची) यादी, ज्यांचा कॅन्सर फुफ्फुसात, हाडात पसरलाय आणि औषधं सुरू करायचीत त्यांच्यासाठी. ज्याची गाठ किडनीपुरतीच होती आणि निघाली, त्याला ती लावून घाबरवायचं काय कारण? अमेरिकेच्या आकड्यांत अशा पेशंटमधे ५ वर्षं जगणारे ९० टक्क्यांच्या वर आहेत.

ऑपरेशन झालेल्यांसाठी डॉक्टर लोक जे स्कोअर वापरतात त्यातला एक लिबोविच, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, २००३ चा. त्यात बघतात काय तर गाठ किती पसरली, १० सेंटीमीटरच्या खाली का वर, लसिका गाठींना म्हणजे लिम्फ नोडला कॅन्सरची लागण आहे का, पेशींचा ग्रेड म्हणजे त्या किती बिघडल्यात, आणि गाठीत मेलेला भाग आहे का. रक्ताचा एक पण आकडा नाही त्यात! सगळं काढलेल्या किडनीच्या बायोप्सी रिपोर्टमधे असतं. रक्ताचे आकडे त्याला जोडले तर अंदाज थोडा सुधारतो, तेवढंच. आणि नेमका हाच रिपोर्ट लोकांकडं नसतो. ऑपरेशन संभाजीनगरला किंवा पुण्याला, डिस्चार्ज मिळाला की गाडी पकडून गावाकडं, बायोप्सी यायला आठ-पंधरा दिवस, तो आणायला परत कोण जातंय. मग फॉलोअपला डॉक्टर विचारतात आणि पोरगा पिशवीतून सीबीसीचे दहा कागद काढून दाखवतो.

म्हणून विनंती एवढीच, त्याच पानावर खुलासा छापा आणि बाजूला चौकटीत हे टाका: ऑपरेशनच्या आधीची सीबीसी फेकू नका, त्या वेळी ताप होता का अन् कुठल्या गोळ्या चालू होत्या ते त्याच कागदावर लिहून ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्याच, आणि ब्लॉक-स्लाइड (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले तुकडे अन् काचा) कुठं ठेवल्यात ते विचारा, पुढं दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला लागतात. राहिलेल्या एका किडनीसाठी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी) करत राहा. आणि लघवीतून रक्त आलं तर मुतखडाच असेल म्हणून काढे पीत बसू नका, आधी सोनोग्राफी करा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, परभणी