पाण्याचे गाव आणि परका सरडा

चि. मैत्रेयी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पदविकेच्या शेवटच्या प्रकल्पासाठी तू प्राणी-पात्रांचे वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या घोडेस्वार-बंदूकबाजांच्या धर्तीचे, ॲनिमेशनपट हा विषय घेतलास आणि तो लहान मुलांचा म्हणून वर्गात त्याची थट्टा झाली, असे तू लिहिले आहेस. या चित्रपटांत मोठ्या माणसांनी पाहण्यासारखे नेमके काय आहे, हा तुझा प्रश्न मला आवडला. मी ते पन्नाशीनंतर पाहिले, आणि तेही पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाच्या नजरेने. तेव्हा पुढचे वाचताना हे उत्तर चित्रपटाच्या जाणकाराचे नाही, एवढे लक्षात ठेव.

प्राणी गोंडस दिसतात म्हणून हे चित्रपट आवडतात, हे मला पटत नाही. २०११ च्या ‘रँगो’मध्ये एकही प्राणी गोंडस म्हणावा असा नाही, सुरकुतलेली कातडी, वेडेवाकडे दात आणि अंगावर धुळीचा थर असे ते सारे गाव आहे. माझ्या मते खरे आकर्षण आकारात आहे. वेस्टर्नचा नामवंत दिग्दर्शक जॉन फोर्ड याने १९३९ पासून मॉन्युमेंट व्हॅलीच्या लाल सुळक्यांपुढे घोडेस्वार उभे केले, तेव्हा त्या भूमीचा अफाटपणा प्रेक्षकाला दडपून टाकत असे. पुढे तेच सुळके, तेच घोडेस्वार आणि भर दुपारच्या त्याच झुंजी इतक्या वेळा पाहून झाल्या की वाळवंटाची भीतीच उरली नाही. त्याच वाळवंटात वीतभर लांबीचा जीव सोडला, की एक ससाणा पुरे गाव ओस पाडू शकतो, रस्ता ओलांडणे हा जिवावरचा प्रवास होतो आणि पेलाभर पाण्याला खजिन्याचे मोल येते. माणसांच्या वेस्टर्नने वापरून वापरून गुळगुळीत केलेला धोका प्राण्यांच्या मापाने पुन्हा खरा होतो.

‘रँगो’ची गोष्ट तुला पाठ असेल, तरी माझ्या नजरेतून एकदा पाहा. काचेच्या पेटीत प्लास्टिकचे झाड आणि मोडकी बाहुली यांच्या संगतीत नाटके करणारा, रंग बदलणारा सरडा मोटारीतून रस्त्यावर पडतो आणि मोहावीच्या वाळवंटात ‘डर्ट’ नावाच्या गावी पोहोचतो. (सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, याचे कुंपण काचेचे होते आणि ते फुटले.) हे गाव माणसांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले आहे, आणि गावच्या पेढीत पैशांऐवजी पाणी ठेवलेले असते. बुधवारी भर दुपारी सारे गाव रांगेने, जवळजवळ पूजेला निघावे तसे, एका भल्या मोठ्या नळापाशी जाते, नळ उघडला जातो आणि त्यातून चिखलाची एक गुळणी बाहेर पडते. तो प्रसंग पाहताना मी हसलो नाही. कालव्याचे आवर्तन सुटणार असे सांगितलेल्या दिवशी शेवटच्या चारीवर बसून राहिलेली माणसे मी पाहिलेली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेही तुला आठवत असेल. म्हणून ही गोष्ट परक्या मुलखाची असली तरी तिच्यातली तहान मला भाषांतराशिवाय कळली.

ही तहान त्या मुलखातही कल्पनेतली नाही, आणि तुझ्या टिपणात हा भाग यायलाच हवा. लॉस एंजेलिस शहरासाठी विल्यम मुलहॉलंड या अभियंत्याने ओवेन्स खोऱ्यातून आणलेला जलवाहक १९१३ मध्ये सुरू झाला. सुमारे पावणेचारशे किलोमीटर अंतर पाणी एकही पंप न लावता निव्वळ उताराने आणलेले आहे, आणि अभियंता म्हणून मला त्या कामापुढे हात जोडावेसे वाटतात; पण शहराने त्या खोऱ्यातल्या जमिनी पाण्याच्या हक्कांसह विकत घेतल्या, ओवेन्स सरोवर काही वर्षांत कोरडे पडले आणि १९२४ मध्ये चिडलेल्या रहिवाशांनी जलवाहकाला सुरुंग लावला, हेही त्याच कामाचे फळ आहे. १९७४ चा ‘चायनाटाउन’ याच इतिहासावरून सुचलेला आहे आणि ‘रँगो’तला महापौर त्या चित्रपटातल्या बड्या धनिकाचा सरळ वंशज आहे. पाणी तोडायचे, हवालदिल झालेल्यांच्या जमिनी घ्यायच्या आणि तेथे नवे शहर वसवायचे, हा त्याचा बेत आहे. एवढा जमीनव्यवहार मुलांसाठी म्हणून लावलेल्या चित्रपटात निमूटपणे बसतो, तो केवळ महापौर कासव असल्यामुळे.

कासवच का, याचा विचार कर. मोहावीचे कासव मूत्राशयात पाणी साठवून महिनोन्‌महिने कोरड काढते. ज्याच्या शरीराचाच धर्म साठवण हा आहे, त्याला साठेबाज करणे ही निवड कोणी सहज केली असेल तर ती फार नशिबाने साधली, आणि जाणून केली असेल तर शाबासकी द्यायला हवी. भाडोत्री बंदूकबाज म्हणून येतो तो खुळखुळ्या साप, ज्याच्या शेपटीच्या खुळखुळ्याची जागा बंदुकीने घेतली आहे. आणि नायक? रंग बदलणारे सरडे आफ्रिकेत, मादागास्करात, आपल्याकडेही सापडतात. अमेरिकेच्या वाळवंटात ते मूळचे नाहीत. वेस्टर्नचा नायक गावाबाहेरून येतो, कोणी त्याला ओळखत नसते आणि तो सांगेल तेच त्याचे नाव होते, ही त्या प्रकाराची जुनी रीत. येथे ती प्राण्याच्या जातीनेच पाळली आहे. इसापनीतीतला कोल्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लबाडच असतो. येथला सरडा मात्र थापा मारत शेरीफ, म्हणजे गावचा कायदा राखणारा अधिकारी, होतो, मग थाप उघडी पडते, आणि आपण सांगितलेले नाव आपल्याला खरे करता येईल का, हा प्रश्न त्याच्यापुढे उरतो. सापालासुद्धा त्याचा एक इमान आहे, हे शेवटच्या भागात दिसते, आणि मला तो चित्रपटातला सर्वांत उत्तम लिहिलेला खलपुरुष वाटतो.

तंत्राचे तुला माझ्यापेक्षा अधिक कळते, म्हणून एकच गोष्ट सांगतो. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की यांनी जॉनी डेप आणि इतर नटांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकेकटे न बसवता एकत्र आणून, हातात सामान देऊन, नाटकाच्या तालमीसारखे प्रसंग करायला लावले आणि ते चित्रण चित्रकारांपुढे ठेवले. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या, चित्रपटांसाठी दृश्य-करामती करणाऱ्या कंपनीचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट होता, आणि छायालेखक रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेतल्यामुळे त्यातले ऊन खरेच डोळ्यांना टोचते. २०१२ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

‘स्पिरिट’ (२००२) मात्र वेगळ्या वाटेने जातो, आणि तुझ्या प्रकल्पात त्याला भरपूर जागा दे. त्यातला घोडा बोलत नाही. निवेदन मॅट डेमनच्या आवाजात आहे, पण घोड्यांच्या आपसांतल्या वागण्यात फक्त खिंकाळणे आणि कानांची व मानेची हालचाल आहे. जेम्स बॅक्स्टर यांच्या देखरेखीखाली रेखाटलेल्या त्या घोड्याला भुवयाही दिल्या आहेत, ज्या खऱ्या घोड्याला अशा नसतात, आणि तरीही त्या खटकत नाहीत. घोडदळाचा अधिकारी, लाकोटा या मूळनिवासी जमातीतला तरुण आणि लोहमार्गाचे काम ही सारी वेस्टर्नची नेहमीची सामग्री आहे. पण रेल्वेचे इंजिन डोंगरावर ओढून न्यायला घोडे जुंपले जातात, तेव्हा प्रगतीचा तो प्रसिद्ध लोहमार्ग प्रथमच ओझे वाहणाऱ्याच्या पाठीवरून दिसतो. घोडेस्वाराच्या जागी घोड्याला नायक केले, एवढा एकच बदल. त्याने सारा प्रकार उलटा होतो.

१९९१ च्या ‘ॲन अमेरिकन टेल : फीव्हल गोज वेस्ट’मध्ये पश्चिमेला निघालेले उंदरांचे कुटुंब आहे. चित्रपट म्हणून तो मध्यम आहे. तरी म्हाताऱ्या श्वान-शेरीफचा आवाज ऐकण्यासाठी तो पाहाच. तो जेम्स स्टुअर्ट यांचा आहे, ज्यांनी तरुणपणापासून कितीतरी वेस्टर्न गाजवले होते, आणि ऐंशी पार केल्यावर केलेली ही त्यांची शेवटची चित्रपट-भूमिका ठरली. डिस्नेच्या २००४ च्या ‘होम ऑन द रेंज’मधल्या तीन गायींविषयी मी लिहीत नाही, तेथे विनोद आहेत, वाळवंट नाही.

एक आक्षेप मात्र तू टाळू नकोस. प्राण्याचा मुखवटा चढवला की जुने साचे बिनबोभाट आत शिरतात. ‘रँगो’तला मूळनिवासी माणसाचे प्रतिनिधित्व करणारा कावळा कमी बोलतो आणि माग काढतो; माणसाने अशी भूमिका केली असती तर आज तिच्यावर टीका झाली असती. मारियाची हे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारी घुबडे मला फार आवडतात, तरी मेक्सिकन माणूस म्हटले की गिटार आणि मोठी टोपी, हाच तो साचा आहे. थट्टा करणाऱ्या मित्रांना उत्तर देताना या चित्रपटांची बाजू इतकी ताणू नकोस की हे दिसेनासे होईल.

प्रकल्पाची सुरुवात कशाने करावी, असे तू विचारले आहेस. बुधवारच्या नळाचा प्रसंग घे, आणि उंदीर, सरडा, माणूस अशा तीन उंचींवरून तोच नळ काढून दाखव. रेखाटने झाली की मला पाठव. पात्रांविषयी मी काही बोलणार नाही, पण झडपेचे चाक कोणत्या बाजूला फिरवल्यावर पाणी सुटते, एवढे तपासून देईन.

तुझा,
बाबा