तपासायला वेळ घ्या, पण तारीख तर सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेतू चालवतो, बारा वर्षं झाली. तलाठी, पोलीस, वनरक्षक, झेडपी, आरोग्य सेवक, जी भरती निघेल तिचे फॉर्म आमच्या भागातले पोट्टे-पोट्ट्या माझ्याकडंच भरतात, त्यामुळं भरती लांबली की फोनही मलाच येतात. "भाऊ, काही आलं का साईटवर?" रोजचे आठ-दहा फोन तरी हेच. म्हणून वाटलं या विषयावर एकदा लिहावं, कारण सध्या जो तो म्हणून राहिला की भरती झटपट करा, महिन्याभरात करा, आणि मला ते पूर्ण पटत नाही.

भरतीला वेळ लागतो तो सगळाच फुकट जात नाही. माझ्याकडची एक पोरगी होती, उत्तरतालिका आली तेव्हा तिला दोन प्रश्नांची उत्तरं चुकीची वाटली, पुस्तकाचं पान स्कॅन करून माझ्याच कॉम्प्युटरवरून आम्ही हरकत टाकली, पैसे भरून टाकावी लागते ती, आणि एक हरकत मान्य झाली. तेवढ्या मार्कांनी ती यादीत आली. हरकतीला आठ दिवस दिलेच नसते तर पोरगी गेली असती. कागदपत्र पडताळणीचंही तेच. खेळाडूचं सर्टिफिकेट, दिव्यांगाचं सर्टिफिकेट खरं आहे का खोटं हे तपासायला वेळ लागणारच, आणि तो घेतलाच पाहिजे, कारण खोटा कागदवाला एक घुसला की माझ्या गावातला खरा एक बाहेर राहते. २०२१ ची आरोग्य विभागाची भरती आठवा. सप्टेंबरची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली, पोट्टे तर एसटीनं निघालेले होते, मग ऑक्टोबरमध्ये पेपर झाला तो फुटला आणि शेवटी सगळंच रद्द. नीट तयारी न करता परीक्षा घेतली की असं होते.

झटपट भरतीही आम्ही पाहतो. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीत सकाळी इंटरव्ह्यू, संध्याकाळी गेटपास, आणि अकराव्या महिन्यात घरी. ना पडताळणी, ना यादी, ना कोणाला विचारता येते की मला काहून काढलं. सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर काढला होता, तो पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला, कारण लोकांना लांब रांग चालते पण रांगेशिवाय भरलेल्या जागा चालत नाहीत.

मग त्रास कशाचा? दोन टप्प्यांच्या मधातल्या रिकाम्या वेळेचा. परीक्षा एक दिवसाची, पडताळणी दोन दिवसाची, अन् मधात सहा महिने, आठ महिने काहीच नाही, साईटवर एकच ओळ, "यथावकाश कळविण्यात येईल". मार्च २०१९ मध्ये झेडपीची जाहिरात आली होती, ती भरती पूर्ण न होताच रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० जागांची नवी जाहिरात निघाली. चार वर्षांच्या वर गेले. २०१९ ला ज्यानं तेविसाव्या वर्षी फॉर्म भरला तो सत्ताविसाचा होऊन पुन्हा पहिल्यापासून लागला.

या वेळेत घरात काय होते ते बाहेरच्यांना दिसत नाही. तलाठीची २०२३ ची फी खुल्या वर्गाला १,००० आणि राखीवला ९०० रुपये होती. माझ्या समोर एका बाईनं पोराची फी मोजून दिली, दहा-दहा अन् वीस-वीसच्या नोटा, रुमालात बांधलेल्या, वेचणीचे पैसे. आमच्याकडं त्या वर्षी किलोमागं दहा रुपये वेचणी होती, म्हणजे राखीवची एक फी म्हणजे नव्वद किलो कापूस. ती बाई म्हणाली, "बाबू, याईचा पेपर कधी हाये?" अन् माझ्याजवळ सांगायला तारीख नव्हती. चार फॉर्म भरले की एक हंगाम गेला. त्याच्यावर अभ्यासिकेची महिन्याची फी, परीक्षेचं सेंटर नागपूर नाहीतर अमरावती, रात्रीची एसटी, स्टँडवर झोपणं.

कागदांचं तर विचारूच नका. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे खुल्या वर्गातल्या गरिबांचा दाखला एका वर्षाचा, ओबीसी वगैरेंना लागते त्या नॉन क्रिमीलेयरची मुदत फार तर तीन वर्षं. जाहिरातीच्या वेळी चालू असलेला दाखला पडताळणीच्या वेळी संपलेला असते, मग पुन्हा तलाठ्याकडं उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसील, पुन्हा माझ्याकडं. मला त्याचे पैसे भेटतात, हे मी लपवत नाही, पण ज्या पोराचा मजुरीचा दिवस पडते त्याच्याकडून ते घेतांना हात मागं येते.

आणि पोरींचं वेगळंच आहे. पोरगा तिशीपर्यंत लायब्ररीत बसला तरी घरचे म्हणतात, तयारी करून राहिला. पोरीला दोन वर्षं देतात, लई झालं तर तीन. निकाल लांबला की स्थळ येते, लग्न होते, गाव बदलते. माझ्याकडच्या एका पोरीचं नाव पडताळणीच्या यादीत आलं तेव्हा तिच्या मांडीवर चार महिन्याचं लेकरू होतं आणि सासर तिकडं हिंगोलीत. ती आली, लेकरू घेऊन आली, सगळे कागद एका पिशवीत, पण लग्नामुळं नावातच फरक, नाव बदलल्याचं गॅझेट केलेलं नव्हतं. तीच यादी दीड वर्षं आधी लागली असती तर हा प्रश्नच आला नसता.

म्हणून माझी मागणी टप्पे कमी करा अशी नाहीच. मैदान घ्या, लेखी घ्या, हरकती घ्या, पडताळणी चांगली कसून घ्या, लागेल तर वर्ष घ्या. पण जाहिरात काढतांनाच प्रत्येक टप्प्याची तारीख छापा आणि ती चुकली तर काहून चुकली ते साईटवर लेखी टाका. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी जो दाखला चालू होता तो शेवटपर्यंत चालू धरा, भरती तुमच्यामुळं लांबली तर त्याचा खर्च पोराच्या डोक्यावर कशाला. भरती रद्द झाली तर फी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आपोआप परत गेली पाहिजे. आणि प्रतीक्षा यादी खरंच वापरा, कोणी हजर झाला नाही की खालच्याला लगेच बोलवा, नवी जाहिरात काढून पुन्हा हजार रुपये घेऊ नका.

माझ्या दुकानातल्या कपाटात आज एक्केचाळीस जणांच्या फाईली आहेत, घरी पावसानं भिजतात म्हणून माझ्याकडं ठेवल्या. सात जण असे आहेत की पुढच्या जूनच्या आत जाहिरात आली नाही तर वयात बसत नाहीत. त्यातला एक काल येऊन विचारून गेला, "भाऊ, फाईल घेऊन जाऊ का राहू देऊ?" मी म्हटलं राहू दे.

आपला वाचक,
एक सेतू केंद्रचालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ