बॅलार्ड पिअर देखावा : रविवारी जोडणी

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या खोलीत आपल्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्यातल्या बॅलार्ड पिअर या मुंबई बंदरातल्या धक्क्याचे भाग जोडायचे आहेत. आपापले तुकडे घेऊन या.

– स्केल (प्रमाण) एन, म्हणजे १:१६० च. एचओ या मोठ्या स्केलची क्रेन 'चालून जाईल' म्हणून आणू नका. शेजारी रेल्वेचा डबा उभा केला की लगेच डोळ्यांत खुपते.

– बोटवाल्या गटासाठी : 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही प्रवासी बोट खरी ६१२ फूट, म्हणजे आपल्याकडे पावणेचार फुटांच्या वर. एवढा धक्काच नाही! मधला भाग कापून लांबी कमी करा, दोन्ही धुरांडी मात्र हवीतच. बूड पाण्याच्या रेषेपाशी सपाट घासून आणा.

– पाणी दाखवायचं रेझिन त्या दिवशी ओतायचं नाही, आधी फटी बुजवू. पाणी निळंशार नको. मुंबई बंदराचं पाणी मातकट हिरवं असतं.

येणं जमत नसेल तर तुकडा शनिवारपर्यंत पोहोचवा.